विश्लेषण : वहीच्या पानाएवढ्या चित्रात समुद्र कसा मावतो? रेल्वे सोडून चित्रकार झालेल्या आयरिश इंजिनिअरची गोष्ट

भारतीय क्रिकेट पाहणाऱ्यांना मॅलाहाइड हे नाव नवं नाही. डब्लिनच्या उत्तरेला, समुद्राकाठी वसलेलं हे छोटं शहर. ऑगस्ट २०२३ मध्ये जसप्रीत बुमराच्या नेतृत्वाखाली भारताचा टी-ट्वेन्टी संघ इथे खेळायला गेला होता आणि आपला ऋतुराज गायकवाड त्या संघाचा उपकर्णधार होता.

तीन सामन्यांच्या त्या मालिकेतला पहिला सामना पावसामुळे अर्ध्यावर थांबला आणि डकवर्थ-लुईसच्या गणितावर भारत दोन धावांनी जिंकला. तिसरा सामना तर एकही चेंडू न पडता रद्द झाला.

क्रिकेटप्रेमींना वैताग आणणाऱ्या याच आकाशाखाली, त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी, एक माणूस रंग घेऊन राहायला आला. त्याचं नाव नथॅनियल होन. शिक्षणाने इंजिनिअर, काही काळ रेल्वेत नोकरी आणि मग आयुष्यभर चित्रकार.

होन यांनी रंगवलेली किनाऱ्याची लहान तैलचित्रं आज आयर्लंडच्या संग्रहालयांत आहेत, लिलावांतही अधूनमधून येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला प्रश्न पडतो, यात आहे तरी काय? थोडी वाळू, थोडं पाणी, बाकी सगळे ढग. मग आयर्लंडच्या कलेत या चित्रांना एवढं महत्त्व का? आणि ती आपल्यापर्यंत पोहोचली कशी?

चित्रात नेमकं दिसतं काय?

होन यांच्या किनाऱ्याच्या चित्रांची मांडणी बऱ्याचदा अगदी साधी असते. क्षितिजाची रेषा खाली ओढलेली, म्हणजे चित्राचा मोठा भाग आकाशाने व्यापलेला. त्याखाली समुद्राचा अरुंद पट्टा आणि सर्वांत खाली ओली वाळू किंवा खडक.

कुठे एखादी शिडाची होडी, कुठे गुरं, कुठे दोन-चार माणसं. पण ती इतकी लहान की जवळ जाऊन पाहिलं तर फक्त ब्रशचे दोन-तीन फटकारे दिसतात. चेहरे नाहीत, कपड्यांच्या चुण्या नाहीत.

रंगही मोजकेच. करडा, मातकट, फिका निळा, मळकट पांढरा. सूर्यास्ताचा भडक केशरी रंग शोधायला गेलात तर निराशा होईल. त्याला भूगोलाचंही एक कारण आहे.

आपल्या कोकणात समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. मॅलाहाइडचा समुद्र पूर्वेला आहे. संध्याकाळी सूर्य समुद्राकडे बघणाऱ्याच्या पाठीमागे, जमिनीच्या बाजूला मावळतो. समोर दिसतात ते त्या तिरप्या उजेडात उजळलेले ढग, खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उघडी पडलेली वाळू आणि दूरवर लॅम्बे नावाचं बेट.

होन होते कोण?

नथॅनियल होन यांचा जन्म १८३१ मध्ये डब्लिनच्या एका सधन कुटुंबात झाला. याच घराण्यात त्याच नावाचा एक चित्रकार आधी होऊन गेला होता. १७१८ ते १७८४ या काळातले ते थोरले होन लंडनच्या रॉयल अकादमीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होते. त्यामुळे आपल्या गोष्टीतले हे 'धाकटे होन' म्हणून ओळखले जातात.

त्यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं. ट्रिनिटीचा हा विभाग १८४१ मध्ये सुरू झालेला, म्हणजे त्या काळात अगदी नवा. शिक्षणानंतर होन यांनी मिडलंड ग्रेट वेस्टर्न रेल्वेत थोडा काळ काम केलं. डब्लिनहून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणारी ही रेल्वे.

त्या पिढीच्या इंजिनिअरसाठी रेल्वे म्हणजे आजच्या आयटीसारखीच. काम भरपूर, भविष्य पक्कं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली प्रवासी गाडी धावली. नेमक्या त्याच वर्षी होन रेल्वे सोडून चित्रकला शिकायला पॅरिसला गेले. तेव्हा ते २१-२२ वर्षांचे होते.

पॅरिसमध्ये ते तोमा क्युतूर यांच्या स्टुडिओत शिकले. पुढे आधुनिक चित्रकलेचा पाया घालणारे एदुआर माने हेही त्याच सुमारास तिथे शिकत होते.

पण होन शहरात रमले नाहीत. पॅरिसच्या दक्षिणेला फोंतेनब्लोचं जंगल आहे. त्याच्या कडेला असलेल्या बार्बिझों गावात मिले, रूसो अशा चित्रकारांचा गट राहायचा. कोरोही त्या जंगलात येऊन चित्रं काढत. स्टुडिओत बसून पुराणकथा रंगवण्यापेक्षा झाडं, शेतं आणि बदलणारा उजेड रंगवावा, असं या गटाचं म्हणणं होतं. होन त्या परिसरात दीड दशकाहून अधिक काळ राहिले.

१८७२ च्या सुमारास ते आयर्लंडला परतले, मॅग्डालेन जेमसन यांच्याशी लग्न केलं आणि मॅलाहाइडला राहू लागले. पत्नी व्हिस्कीच्या प्रसिद्ध जेमसन घराण्यातल्या. पैशाची चिंता नव्हती. शेती, गुरं आणि चित्रं असं त्यांचं आयुष्य सुरू झालं. पैशाची चिंता नसणं ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

ही चित्रं एवढी लहान का असतात?

उघड्यावर बसून काढलेलं तैलचित्र लहान असण्यामागे हौस कमी आणि व्यवहार जास्त असतो.

पहिलं कारण वेळ. ढगांची एक मांडणी पाच-दहा मिनिटंही टिकत नाही. ओहोटीची वाळू अर्ध्या तासात वेगळी दिसू लागते. एक मीटर रुंदीचा कॅनव्हास भरायला घेतला तर डावी बाजू सकाळची आणि उजवी दुपारची होईल. एका बैठकीत पुरं होईल एवढाच आकार घ्यावा लागतो.

दुसरं कारण वारा. किनाऱ्यावर मोठा ताणलेला कॅनव्हास म्हणजे शीडच. म्हणून लहान लाकडी फळी किंवा पुठ्ठा रंगपेटीच्या झाकणात अडकवून काम करण्याची पद्धत चित्रकारांमध्ये रुळली. पेटीचं झाकण हाच इझल आणि झाकणाचा आकार हाच चित्राचा आकार.

तिसरं कारण तेल. जलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. तैलरंगाचं तसं नाही. त्यातलं जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि हळूहळू घट्ट पापुद्रा बनतो. याला दिवस लागतात, जाड थराला त्याहून जास्त. त्यामुळे किनाऱ्यावरून घरी नेताना चित्र ओलंच असतं. लहान फळी पेटीतल्या खाचेत सरकवून रंग न पुसता नेता येते. मोठं ओलं चित्र सांभाळत चालणं किती अवघड असेल, याची कल्पना 'ऑन द स्पॉट' स्पर्धेत भाग घेतलेल्या कुणालाही येईल.

या सगळ्याच्या मुळाशी एक छोटा शोध आहे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढता येईल अशा धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. टाचणीने भोक पाडायचं, रंग काढायचा आणि भोक कसंबसं बुजवायचं. उरलेला रंग लवकर घट्ट व्हायचा, पिशवी फुटायची. ट्यूबला टोपण आलं आणि तैलरंग खिशात घालून जंगलात, किनाऱ्यावर नेणं सोपं झालं. बार्बिझोंच्या पिढीला हा शोध अगदी वेळेवर मिळाला.

'वातावरण' रंगवायचं म्हणजे काय?

अशा चित्रांबद्दल लिहिताना 'वातावरण' हा शब्द हमखास येतो. ऐकायला तो धूसर वाटतो, पण त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे.

हवा पूर्ण पारदर्शक नसते. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून निरभ्र आकाश निळं दिसतं. समुद्रावरच्या हवेत मात्र मिठाचे बारीक कण आणि पाण्याचे थेंबही असतात. हे कण रेणूंपेक्षा खूप मोठे असल्याने सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. परिणामी किनाऱ्यावरची धूसरता निळी न दिसता पांढुरकी दिसते.

हा पांढुरका पडदा अंतराबरोबर दाट होत जातो. जवळचा खडक काळा दिसतो, त्यामागचा करडा आणि दूरचं बेट जवळजवळ आकाशाच्याच रंगाचं. म्हणजे अंतर वाढतं तसा काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होतो. फोनच्या कॅमेऱ्यात आपण याला कॉन्ट्रास्ट म्हणतो. चित्रकलेचे विद्यार्थी 'टोन' म्हणतात.

होन यांच्यासारख्या चित्रकाराचं खरं काम या टोनवर चालतं. क्षितिजाजवळचा समुद्र आकाशापेक्षा किंचितच गडद असतो. तो एक पायरी जास्त गडद झाला तर पाणी भिंतीसारखं उभं दिसतं. एक पायरी फिका झाला तर पाणी आणि आकाश एक होऊन जातं. त्या दोन चुकांच्या मधली जागा अगदी अरुंद आहे. ती सापडली की होडीचे दोरखंड काढायची गरज उरत नाही. बघणाऱ्याचा मेंदू अंतर आपोआप मोजतो.

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या साधारण उंचीच्या माणसाला क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर दिसतं. चित्रात ते साडेचार किलोमीटर बोटभर जाडीच्या पट्ट्यात बसवायचे असतात. तपशील भरून ते बसत नाहीत, टोनची उतरंड जमली तरच बसतात.

ओल्या वाळूचंही असंच. पाणी शिरलं की वाळूकडून विखुरून परत येणारा प्रकाश कमी होतो, म्हणून ओली वाळू कोरडीपेक्षा गडद दिसते. पण तिच्यावर पाण्याचा पातळ थर उभा असेल आणि आपण तिरप्या कोनातून बघत असू, तर तीच वाळू आरशासारखी आकाश दाखवते. म्हणजे एकाच वाळूत सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ अशा दोन्ही जागा शेजारी-शेजारी. चित्रकाराने त्या दोन्ही नीट पकडल्या की नुकतीच लाट परत गेलीय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आयर्लंडचा उजेड वेगळा का?

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, डब्लिन ५३ अंशांवर. त्याचा परिणाम थेट सूर्याच्या उंचीवर होतो. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंश वर असतो. डब्लिनमध्ये तो जेमतेम १३ अंश वर येतो.

इतक्या तिरप्या कोनातून येताना सूर्यकिरणांना हवेचा साधारण तिप्पट जाड थर पार करावा लागतो. म्हणून तिथल्या हिवाळ्यात भर दुपारचा उजेडही आपल्या संध्याकाळसारखा मऊ आणि लांब सावल्यांचा असतो. उन्हाळ्यात उलट गंमत. जूनमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतात आणि संधिप्रकाश त्यानंतरही रेंगाळतो.

त्यात अटलांटिकवरून येणारे वारे सतत ढग घेऊन येतात. एकाच दुपारी ऊन, सर, पुन्हा ऊन असा खेळ चालतो. क्रिकेटच्या पंचांसाठी ही डोकेदुखी. ढग रंगवणाऱ्यासाठी मात्र दर अर्ध्या तासाला नवा विषय.

होन यांनी फक्त मॅलाहाइडचाच शांत किनारा रंगवला असं नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर परगण्यातल्या किल्कीचे कडेही त्यांनी रंगवले. तिथे अटलांटिकच्या लाटा थेट खडकावर आदळतात. पूर्वेच्या चित्रांत वाळू आणि आकाश यांचा संथपणा, पश्चिमेच्या चित्रांत पाण्याचा धक्का. दोन्हीकडे पद्धत मात्र एकच. तपशील कमी, टोन नेमका.

ही चित्रं अर्धवट आहेत का?

एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच लोकांनी याचं उत्तर 'हो' असंच दिलं असतं. तेव्हा पॅरिसच्या सलोनसारख्या मोठ्या प्रदर्शनांत चित्राला 'फिनिश' हवं असे. पृष्ठभाग गुळगुळीत, ब्रशची खूण दिसता कामा नये. जागेवर केलेलं लहान तैलचित्र म्हणजे अभ्यास. त्यावरून मोठं चित्र स्टुडिओत करायचं आणि अभ्यास कपाटात ठेवायचा.

इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे असे कितीतरी अभ्यास केले होते. मागच्या बाजूला ते तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवत. एखाद्या इंजिनिअरने साइटवरच्या नोंदी ठेवाव्यात तसं. आज ते अभ्यास स्वतंत्र कलाकृती मानले जातात.

बार्बिझोंच्या चित्रकारांनी अभ्यास आणि पूर्ण चित्र यांच्यातली भिंत बरीच खाली आणली. होन त्या शाळेत तयार झाले होते. त्यात त्यांना चित्र विकून घर चालवायचं नव्हतं. गिऱ्हाईकाला आवडावं म्हणून ढगांना गुलाबी कडा लावायची किंवा पुढे एखादी गोड कोळीण उभी करायची सक्ती त्यांच्यावर नव्हती. चित्र जिथे थांबायला हवं असं वाटलं, तिथे ते थांबू शकले.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही होती. जो चित्रकार विकायला धडपडत नाही, त्याची चित्रं घरातच राहतात. होन डब्लिनच्या रॉयल हायबर्नियन अकादमीचे सदस्य होते, तिथे चित्रं मांडतही होते. पण सत्तरी गाठेपर्यंत त्यांच्या कामाचा खरा आवाका फार थोड्या लोकांना ठाऊक होता.

या चित्रांत काय नाही?

होन मॅलाहाइडला रंगवत होते, तेव्हाचा आयर्लंड शांत नव्हता. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मेले होते आणि त्याहून अधिक देश सोडून गेले होते. होन तेव्हा किशोरवयात होते. १८७९ मध्ये मेयो परगण्यात लँड लीगची स्थापना झाली आणि जमीनदारांविरुद्ध कुळांचा मोठा लढा उभा राहिला.

यातलं काही होन यांच्या चित्रांत थेट येत नाही. त्यांच्या गुरांचं कुरण हिरवं आहे, वाळू मोकळी आहे. किनाऱ्यावर समुद्री शेवाळ गोळा करणारी माणसं कधी दिसतात. शेतीला खत म्हणून ते शेवाळ वापरत. ओल्या शेवाळाचं ओझं उचलणं हे कंबर मोडणारं काम. चित्रात मात्र ती माणसं उजेडातले दोन ठिपके होऊन जातात.

हा आक्षेप घेताना दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात. होन सुखवस्तू घरातले होते आणि त्यांची नजर त्या घरातून बाहेर बघणारी होती, हे खरं. त्याच वेळी, गरिबीला गोंडस करून विकण्याचा मोहही त्यांनी टाळला. त्यांच्याकडे हसरे शेतकरी नाहीत आणि रडवेलेही नाहीत. ते हवेकडे बघत राहिले. ही मर्यादा आहे आणि त्यांच्या चित्रांचं बळही याच बघण्यात आहे.

घराच्या भिंतीवरून लोकांसमोर कशी आली?

याचं श्रेय सारा पर्सर या चित्रकार स्त्रीला जातं. १९०१ मध्ये त्यांनी डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन भागात एक प्रदर्शन भरवलं. त्यात दोघांचीच चित्रं होती. एक होन आणि दुसरे व्यक्तिचित्रकार जॉन बटलर येट्स, म्हणजे कवी विल्यम बटलर येट्स यांचे वडील. दोघंही वयस्क, दोघांच्याही कामाकडे दुर्लक्ष झालेलं.

हे प्रदर्शन बघायला ह्यू लेन नावाचा एक तरुण चित्रविक्रेता आला. आयर्लंडमध्ये जन्मलेला, लंडनमध्ये धंदा जमवलेला. आपल्याच देशात असे चित्रकार आहेत, हे त्या प्रदर्शनाने त्याच्या मनावर ठसवलं. त्याने होन यांची चित्रं घेतली, येट्स यांना आयर्लंडमधल्या नामवंतांची व्यक्तिचित्रं करण्याचं काम दिलं आणि डब्लिनला आधुनिक कलेचं स्वतःचं संग्रहालय हवं, असा ध्यास घेतला.

१९०८ मध्ये डब्लिनच्या हारकोर्ट स्ट्रीटवर ते संग्रहालय उघडलं. आज ते पार्नेल स्क्वेअरवर आहे आणि त्याला ह्यू लेन यांचंच नाव आहे.

पुढे काय झालं?

त्यानंतरची काही वर्षं पाहिली की एखादं चित्र टिकणं ही किती नशिबाची गोष्ट आहे, ते कळतं.

७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ लुसिटानिया हे प्रवासी जहाज बुडवलं. ह्यू लेन त्यात होते. आपली ३९ चित्रं डब्लिनला द्यावीत, अशी पुरवणी त्यांनी मृत्युपत्राला जोडली होती. पण त्यावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. त्या एका त्रुटीमुळे लंडन आणि डब्लिन यांच्यात चित्रांवरून वाद झाला. १९५९ मध्ये चित्रं आळीपाळीने दाखवण्याचा करार होईपर्यंत तो चालूच राहिला.

एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. शहराच्या मध्यभागी गोळीबार आणि आगी सुरू असताना अॅबी स्ट्रीटवरची रॉयल हायबर्नियन अकादमीची इमारत जळाली. तिथे वार्षिक प्रदर्शन सुरू होतं. भिंतीवरची चित्रं इमारतीसोबत खाक झाली. कित्येक चित्रकारांचं वर्षभराचं काम एका आठवड्यात संपलं.

१९१७ मध्ये होन यांचं निधन झालं. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, त्यांच्या पत्नी मॅग्डालेन यांच्या मृत्युपत्रानुसार त्यांची शेकडो तैलचित्रं आणि जलरंगचित्रं डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडला मिळाली.

हा निर्णय झाला नसता तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधणं अवघड नाही. मोठी, नावाजलेली चित्रं कुठे ना कुठे टिकली असती. पण वहीच्या पानाएवढ्या फळ्या नातेवाइकांत वाटल्या गेल्या असत्या. काही माळ्यावर, काही जुन्या बाजारात. लहान चित्राला हा धोका कायम असतो. त्यावर नेहमी सही असतेच असं नाही, चौकट साधी असते आणि घर आवरताना ते आधी बाजूला जातं. पर्सर यांनी ती भिंतीवर लावली, लेन यांनी विकत घेतली आणि मॅग्डालेन यांनी देशाला दिली. चित्रकाराशिवाय या तिघांचंही काम त्या चित्रांत आहे.

फोनवर असं चित्र कसं बघायचं?

आपल्यापैकी बहुतेकांना ही चित्रं पडद्यावरच दिसणार. नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडचा संग्रह ऑनलाइन बघता येतो. बघताना या चार गोष्टी करून पाहा.

१. आधी माप वाचा. चित्राखाली सेंटिमीटरमध्ये उंची आणि रुंदी दिलेली असते. समजा २० बाय ३० असेल, तर ते जवळपास ए-फोर कागदाएवढं. म्हणजे तुमच्या फोनच्या पडद्याच्या साधारण सहापट. दोन मीटर रुंद चित्र आणि वीतभर फळी फोनवर सारखीच दिसतात. माप वाचल्याशिवाय चित्रकाराने काय साधलंय ते कळत नाही.

२. फोन आडवा धरा आणि ब्राइटनेस वाढवा. अशा चित्रात करड्याच्याच दहा छटा असतात. पडदा मंद असेल किंवा नाइट मोडचा पिवळा रंग चढला असेल, तर त्यातल्या निम्म्या एकमेकींत मिसळून जातात.

३. झूम करण्याआधी डोळे किंचित मिटा. चित्रकार हेच करतात. तपशील पुसले जातात आणि फक्त गडद-फिके पट्टे उरतात. क्षितिजाजवळ समुद्र आणि आकाश यांच्यात किती कमी फरक ठेवलाय, ते लगेच दिसतं.

४. मग झूम करा. होडी, गाय, माणूस यांच्यावर बोट ठेवून मोठं करा. ती वस्तू विरून ब्रशचे फटकारे कधी होतात, ते शोधा. त्या क्षणी चित्रकाराने किती थोडक्यात काम भागवलंय, ते कळतं.

नोकरी-शिक्षणासाठी डब्लिनमध्ये असलेल्या मराठी वाचकांना तर एक पाऊल पुढे जाता येईल. मेरियन स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत कायमस्वरूपी संग्रह बघायला तिकीट नाही. तिथे होन यांची चित्रं बघायची आणि शहरातून डार्ट लोकल पकडून मॅलाहाइडला उतरायचं. मैदानावर सामना असो-नसो, ओहोटीची वेळ बघून किनाऱ्यावर जायचं. पाऊस आलाच, तर आकाशाकडे नीट बघून घ्यायचं.